हा वाटा कुणाचा?

माझी बायको न्याय शिकवते, असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "कोणत्या कोर्टात?" मग खुलासा करावा लागतो की कोर्टात नव्हे, कॉलेजात. तिथला न्याय कुणाला मिळतबिळत नाही, त्याचा फक्त पेपर असतो. हे ऐकून समोरचा माणूस माझ्याकडे जरा दयेनं बघतो. आता मला त्याची सवय झाली आहे. एकोणीसशे शहात्तर साली नव्हती, तेव्हा माझं डोकं फिरायचं.

मी नावाचा साहेबा, दौंड स्टेशनात पार्सल ऑफिसला क्लार्क. ललिता शिरूरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, दोघंही पगारदार, म्हणजे सोन्याहून पिवळं. पिवळं कसलं! मी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एकटा पिठलं हाटतोय आणि बायको तिकडे शिरूरला मिशन बंगल्याजवळ मेरीबाईंच्या खोलीत भाड्यानं राहतेय, असा आमचा संसार. शनिवारी ती एस.टी. बदलत बदलत राहूला माझ्या वडिलांच्या घरी यायची, मी दौंडहून तिथं पोचायचो आणि सोमवारी सकाळी पुन्हा दोघांची तोंडं दोन दिशांना.

कॉलेजात तत्त्वज्ञानाचा विभाग म्हणजे एकटी ललिता. तीच प्रमुख, तीच शिपाई. शिवाय हंगामी. दर उन्हाळ्यात नोकरी सुटायची आणि पाऊस पडला की पुन्हा मिळायची, शेतमजुरासारखी. त्या वर्षी मात्र प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं होतं की जागा कायम होतेय, जूनमध्ये मुलाखती आहेत. तोवर प्रबंध विद्यापीठात सादर करा, म्हणजे तुमचं नाव पुढे ढकलायला मला बळ येईल. नाहीतर पुण्याचे एक गृहस्थ टपून बसलेत, त्यांचा प्रबंध कधीच झालाय. ती जागा गेली असती तर ललिताला दुसरीकडे कुठं तत्त्वज्ञान शिकवायला मिळालं नसतं. आमच्या तालुक्यात काय, शेजारच्या तालुक्यांतही त्याची दुकानं नव्हती.

मांडवगण फराट्याची ही पोरगी. तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं होतं, "ह्याची नोकरी कुठं असती?" ती म्हणाली, माहीत नाही, पण काही माणसांच्या वाट्याला सगळं येतं आणि काहींच्या वाट्याला काहीच नाही, हे बरोबर का चूक ते कसं ठरवायचं, एवढं मला शिकायचंय. वडील म्हणाले, ते तर मीच सांगतो, चूक हाय. ती म्हणाली, ते मलाही माहीत आहे, पण समोरच्याला पटेल असं सांगता आलं पाहिजे. तेव्हापासून तिचा हाच धंदा. समोरच्याला प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढायचं. हा प्रयोग ती घरात माझ्यावर करायची. भांडी कुणी घासायची, यावर तिनं मला एकदा एवढे प्रश्न विचारले की शेवटी मीच उठून भांडी घासली. वर ती म्हणाली, बघा, मी तुम्हाला घासा म्हटलंसुद्धा नाही.

तिचा प्रबंध वाटणीवर होता. वाटणी न्यायाची केव्हा म्हणायची? त्यातलं तिसरं प्रकरण तिचं लाडकं, आणि ते तिला आमच्या वस्तीत सापडलं होतं.

आमच्या बौद्ध वस्तीत कधीमधी रविवारी चार घरं मिळून बोकड कापतात. मटणाचे ढीग पानांवर लावतात. त्यांना वाटे म्हणतात. जेवढी घरं तेवढे वाटे. कितीही डोळ्यांत तेल घालून लावले तरी एका वाट्यात कलेजी जास्त जाते आणि एकात नुसती हाडकं. म्हणून एक माणूस वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा काठी टेकवून विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घेतो, "बन्सीचा." तो वाटा बन्सीचा झाला. पाठमोऱ्याला कुणाचा कोणता ते दिसत नाही, त्यामुळे लबाडी करता येत नाही. शेवटी उरेल तो वाटा त्याच्या स्वतःच्या घराला. ज्याला हाडकं गेली त्याला भांडायला माणूसच सापडत नाही.

माझे वडील, म्हणजे म्हाळूआबा, वस्तीतले ठरलेले पाठमोरे. ललितानं लग्नानंतर पहिल्यांदा हे बघितलं आणि हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिली. मला म्हणाली, "अहो, परदेशातले मोठमोठे लोक म्हणतात, समजा एक असा माणूस आहे की ज्याला कुणाच्या वाट्याला काय जाणार ते माहीतच नाही. तो नियम ठरवील ते न्यायाचे. त्यांनी तो माणूस मनात उभा केलाय. इथे तो आबांच्या रूपानं धोतर नेसून उभा आहे!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझा जीव मात्र कलेजीत अडकला होता.

तर तिसरं प्रकरण लिहून झालं, प्रबंध टाईप करून झाला, बांधणीला टाकायचा तेवढा राहिला होता. मेच्या शेवटी सुट्टीत ती राहूला आली आणि त्याच आठवड्यात आमच्या वस्तीला घरजागा मिळाल्या.

गावाबाहेर कॅनॉलच्या अलीकडे गायरानाची एक लांब पट्टी सरकारनं वस्तीला दिली. आणीबाणीचे दिवस, कामं झटपट व्हायची. तलाठी भाऊसाहेबांनी सांगितलं, कुणाला कोणता तुकडा ते तुम्ही आपसांत ठरवा, मी नावं लिहून घेतो, पण ठरवा आजच. पट्टीचं एक टोक रस्त्याला लागून, उंचावर, तिथे उद्या कुणी दुकानही टाकलं असतं. दुसरं टोक कॅनॉलकडे खोलगट. तिथे पावसाळ्यात बेडकं लग्नं लावतात. मला अर्थातच रस्त्याकडचा तुकडा हवा होता. मी मनात घराचं दारसुद्धा लावून टाकलं होतं.

सकाळपासून दोऱ्या ताणून खुंट्या ठोकल्या, फक्कीच्या रेषा मारल्या. कुणाचा कोणता, यावर आवाज चढायला लागले तेव्हा आबा म्हणाले, "त्यात काय, वाटं पडल्यात. बोकडावानी करू."

सगळ्यांना पटलं. पण पाठमोरं कोण? पोपटआप्पा, म्हणजे आबांचे चुलतभाऊ, पुढे झाले. हे गृहस्थ वस्तीचे पुढारी, आवाज असा की कॅनॉलपलीकडची म्हैस मान वर करते. त्यांना आबांवर विश्वास नव्हता असं नाही, पण जमिनीचा मामला. ते म्हणाले, "म्हाळबा, ही मटनाची वाटनी न्हाई. तुजी सून न्यायाची मास्तरीन हाय न्हवं? तिलाच हुबी करा. बघू तरी बुकातला न्याय कसा आसतो."

अर्धी चेष्टा होती. बाईमाणूस पाठमोरं उभं राहिल्याचं वस्तीत कुणी पाहिलं नव्हतं. पण ललितानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गेली की पुढे! तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी लग्नातसुद्धा तेवढा पाहिला नव्हता. पोपटआप्पांनी तिला घराघराची नावं सांगितली, तिनं मनात धरली आणि पट्टीकडे पाठ करून, तोंड गावाकडे करून ती उभी राहिली. आप्पा काठी घेऊन, क्रम न धरता, मनाला येईल त्या तुकड्यावर जायला लागले.

"हा वाटा कुणाचा?"

"बन्सीभाऊंचा."

"हा कुणाचा?"

तिचा आवाज खणखणीत होता. एकेक नाव येत होतं, एकेक माणूस आपल्या तुकड्यावर जाऊन उभा राहत होता. रस्त्याकडचा तुकडा नेमका पोपटआप्पांना गेला. त्यांनी काठी टेकवली, "हा कुणाचा?" आणि ललिता म्हणाली, "पोपटआप्पांचा." आप्पांचं तोंड असं फुललं की सरकारचा जयजयकार करायचाच त्यांनी बाकी ठेवला. शेवटी उरला तो खड्डा. पाठमोऱ्याच्या घराचा, म्हणजे आमचा. मी कपाळावर हात मारला. बायकोनं न्याय करावा आणि नवऱ्यानं बेडकांत राहावं!

"संपली नावं," ललिता म्हणाली आणि हसत वळली.

वळली आणि तिचं हसू तिथंच थांबलं.

तिच्यासमोर पट्टीच्या कडेला रंगूबाई उभी होती. बन्सीची बहीण. नवऱ्यानं टाकून दिलेली, पोरगी काखेत घेऊन माहेरी आली ती भावाच्या घराला टेकवलेल्या पडवीत राहायची. स्वतःची चूल, स्वतःची मजुरी. सकाळपासून दोरीचं एक टोक तिनंच धरलं होतं. प्रत्येक तुकडा तिच्या हातून मोजला गेला होता. आता सगळे पुरुष आपापल्या तुकड्यावर उभे आणि ती दोरी गुंडाळत होती. तिची तक्रार नव्हती, चेहऱ्यावर राग नव्हता. आपलं नाव कुणी घेईल असं तिला वाटलंच नव्हतं, हेच ललिताला दिसलं असणार.

"रंगूबाईंचा कोणता?" ललितानं विचारलं.

"ती बन्सीच्या वाट्यात हाय की," पोपटआप्पा म्हणाले. "घरटी येक वाटा. मटनातबी तसंच आसतं."

"पण त्यांची चूल वेगळी आहे."

"चूल येगळी आसली म्हनून काय झालं? घर गड्याच्या नावानं आसतं." आप्पा तलाठ्याकडे वळले. "भाऊसाहेब, ल्या नावं."

भाऊसाहेब निंबाखाली बसून घड्याळाकडे आणि जेवणाच्या डब्याकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. ललिता म्हणाली, "भाऊसाहेब, जरा थांबा." आणि तिच्या आवाजात असं काही होतं की त्यांनी टोपण परत लावलं.

मी तिच्याजवळ गेलो, हळूच म्हणालो, "झालं ते झालं. आपल्याला खड्डा मिळाला तरी मी काही बोललो का?"

"तुम्ही नका बोलू," ती म्हणाली. "मी चुकलेय. मी वाट्यांकडे पाठ केली, पण नावं कुणी सांगितली ते विचारलंच नाही. साऱ्या प्रबंधात विचारलं नाही." माझ्या बायकोला मी वादात हरलेली कधी पाहिली नव्हती, आणि इथं तर तिला हरवणारं समोर कुणी नव्हतंच. मला एकदम तिची माया आली.

बन्सी खाली मान घालून म्हणाला, "वैनी, मी तिला कंदी हाकलून दिलंय का? माज्या वाट्यात तिचं हायेच."

"नाही हो बन्सीभाऊ, तुम्ही चांगले आहात म्हणून तर पडवी उभी आहे," ललिता म्हणाली. "पण उद्या तुमच्या पोरांच्या वाटण्या होतील. तेव्हा आत्याला कोणत्या पोराच्या वाट्यात घालाल?"

बन्सीच्या बायकोनं दुसरीकडे तोंड फिरवलं, त्यावरून उत्तर सगळ्यांना कळलं.

माझ्या मनात आलं, आता ही आपला खड्डा रंगूला देऊन टाकणार. आणि खरं सांगतो, माझी काही हरकत नव्हती, खड्डाच तो. मी तसं बोलूनही दाखवलं. ललिता माझ्यावर उसळली. "द्यायला तो माझा आहे का? मी दिला तर ते दान झालं. तिचं नाव निघायला हवं होतं, ते दानानं निघत नाही."

मग ती आबांकडे वळली. आबा तंबाखू मळत मजा बघत होते.

"आबा, एक विचारू? वाटे लावून झाले, नावं घ्यायची, आणि तेवढ्यात कुणाकडे पाव्हणा आला, तर काय करता?"

"आमी काय करनार? परत्येक वाट्यातला येक येक तुकडा उचलायचा आन् त्येचा आनखी येक वाटा लावायचा. पाव्हन्याला उपाशी ठिवत्यात व्हय?"

"मग घेतलेली नावं?"

"नवा वाटा पडला की पैल्यापासनं नावं घ्यायची. रीतच हाय ती."

आबा बोलून गेले आणि त्यांचा मळता अंगठा थांबला. त्यांना कळलं की आपण कुठे येऊन पडलो. मला तर त्या भांड्यांची आठवण झाली.

"ती पाव्हनी न्हाई!" पोपटआप्पा गरजले. रस्त्याकडच्या तुकड्यात त्यांनी पाय रोवले होते. "ती ह्याच वस्तीतली हाय!"

"तेच म्हणतेय मी, आप्पा," ललिता शांतपणे म्हणाली. "पाव्हण्याला वाटा मिळतो आणि इथलीला मिळत नाही."

कुणीतरी हसलं. खोलगट टोकाकडे ज्यांचे तुकडे पडले होते ते सगळे एकाएकी न्यायाच्या बाजूचे झाले. "पैल्यापासनं होऊ द्या!" उंचावरचे सगळे रीतिरिवाजाचे रक्षक. एक वेळ अशी आली की वाटलं, आता काठ्या निघतात. तेवढ्यात ललितानं आणखी एक प्रश्न विचारला, आणि हा तिनं हळू विचारला.

"आबा, तुम्ही लहान असताना गावात वाटे पडायचे. पाठमोरा माणूस तेव्हाही असायचाच. तुमच्या वडिलांचं नाव घ्यायचा का तो?"

आबांनी तंबाखू खाली टाकली. म्हणाले, "आमी टोपलं घिऊन लांब बसायचो. वाटं सपलं की जे ऱ्हाईल ते आमच्याकडं फेकायचे." थोडं थांबून ते पोपटआप्पांकडे बघत म्हणाले, "पोपटा, तूबी हुतास माज्याशेजारी. पाठमोरा मानूस लबाड न्हवता रं. त्येला आपलं नाव कुनी सांगितलंच न्हवतं."

पोपटआप्पांनी आपल्या तुकड्यातली खुंटी स्वतः उपटली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "रंगे, दोरी उलगड."

प्रत्येक तुकड्यातून हातभर जागा काढली. भाऊसाहेब जेवून घ्या म्हटल्यावर राजी झाले. खुंट्या सरकल्या, पट्टीत एक तुकडा जास्त बसला, कुणाचं घर काही त्यानं बारकं झालं नाही. ललिताला लोक म्हणाले, व्हा उभ्या. ती नको म्हणाली. एक नाव मी एकदा चुकवलंय, म्हणाली. आबा उभे राहिले. पाठ केली. आणि पहिलं नाव घ्यायच्या आधी, हे मी कधीही ऐकलं नव्हतं, मोठ्यानं विचारलं, "कुनी ऱ्हायलं का?"

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. खरोखर बघितलं. कुणी राहिलं नव्हतं.

रंगूचं नाव मधेच कुठंतरी निघालं. "हा कुणाचा?" "रंगूचा." ना उंचावर ना खोलात, साधाच तुकडा. ती त्यावर जाऊन उभी राहिली आणि पोरीला शेजारी उभं केलं. रडली नाही. पायानं माती चाचपून बघत होती. आमच्या घराला शेवटी जे उरलं ते सांगायला नको. दुसऱ्यांदाही बेडकांनी आम्हालाच पसंत केलं.

इथपर्यंत सगळं छान. मला वाटलं, बायको खूश होईल. सोमवारी सकाळी दौंडच्या एस.टी. स्टँडवर चहा घेताना ती म्हणाली, "मी प्रबंध सादर करत नाही."

मी कप खाली ठेवला. "का?"

"तिसरं प्रकरण चुकीचं आहे. पाठमोरा माणूस पुरेसा नाही. आधी नावं कोण सांगतं ते ठरलं पाहिजे. ते प्रकरण मोडलं की पुढची दोन मोडतात. वर्ष लागेल."

"अगं, मुलाखत पंधरवड्यावर आलीय! परीक्षकाला काय कळणार आहे? तो राहूला येणार आहे का वाटे बघायला?"

"त्याला नाही कळणार. मला कळलंय."

"न्याय काय वर्षभरात पळून जात नाही. नोकरी पळेल!"

"वाटा चुकलाय हे माहीत असून मी नाव घेऊ?"

मी चिडलो. स्टँडवर लोक बघायला लागले इतका चिडलो. तिला म्हणालो, तू रंगूला जागा मिळवून दिलीस आणि स्वतःची घालवतेस, हा कुठला हिशेब? ती नुसती माझा हात धरून बसली. शिरूरची गाडी लागली तेव्हा मला कळलं की मला भीती वाटतेय. ही पुन्हा कधी वर्गात उभी राहिली नाही तर हिचं काय होईल, याची.

मुलाखतीच्या दिवशी मी रजा टाकून शिरूरला गेलो. मेरीबाईंनी उकडलेल्या शेंगा दिल्या होत्या, बाहेरच्या बाकावर बसून त्या सोलत राहिलो. पुण्याचे ते गृहस्थ आत जाऊन आले, कडक इस्त्रीचे. मग ललिता गेली. बराच वेळ आत होती. मधेच आतून हसण्याचा आवाज आला आणि मी दाणे टाकून टरफल तोंडात घातलं. बायको बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वाचता येईना.

"काय विचारलं?"

"पुण्याहून एक म्हातारे सर आले होते. प्रबंधाचं ऐकून त्यांनी विचारलं, तुमचा पाठमोरा माणूस न्यायी आहे हे कशावरून? मी म्हटलं, न्यायी नाही सर, तो पाठमोरा माणूस मीच होते. मग सगळं सांगितलं. बेडकांचंही."

"आणि?"

"ते हसले. मग म्हणाले, प्रबंध असा अर्धा मोडून आलेली उमेदवार मी पहिल्यांदा पाहतोय, तो पुरा करून आणा, मला वाचायचाय."

"आणि जागा?"

जागा त्या वर्षी कुणालाच दिली नाही. पुन्हा जाहिरात काढायचं ठरलं. तोवर ललिता हंगामीच. मला आनंद व्हावा का दुःख ते कळेना, म्हणून उरलेल्या शेंगा खाल्ल्या.

ते वर्ष तिनं मेरीबाईंच्या खोलीत कंदील जाळत काढलं. शनिवारी राहूला आली की आबांना आणि बायाबापड्यांना प्रश्न विचारत बसायची. पुढच्या वर्षी प्रबंध गेला. त्यानंतरच्या वर्षी, अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, तिची तोंडी परीक्षा झाली, ती डॉक्टर झाली आणि जागाही कायम झाली. ती बातमी राहूला पोचली तेव्हा पोपटआप्पांनी अख्ख्या वस्तीत आपल्या आवाजात जाहीर केलं की या पोरीला पहिल्यांदा उभी मीच केली. ते खरंही होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

त्या रविवारी बोकड कापला. तोवर पट्टीवर निम्मी घरं उभी राहिली होती. रंगूचं कौलारू घर तयार होतं, आणि वाटे तिच्याच अंगणात लावले. आमच्या खड्ड्यात मी भराव टाकत होतो, अजूनही टाकतोच आहे. आबा नेहमीप्रमाणे पाठमोरे उभे राहिले.

"कुनी ऱ्हायलं का?" त्यांनी विचारलं. आता ही रीतच झाली आहे. लहान पोरंसुद्धा खेळात गोट्या वाटताना आधी तसं ओरडतात, आणि ही रीत कुठून आली हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

बन्सीनं काठी टेकवली. "हा कुणाचा?"

"रंगूचा."

"हा कुणाचा?"

"पोपटाचा."

आबा आता थकले होते, आवाज बारीक झाला होता. एकेक करून वाटे उचलले गेले. शेवटचा राहिला, रीतीप्रमाणे पाठमोऱ्याच्या घराचा. त्याचं नाव घ्यायची खरं तर गरज नसते. इतकी वर्षं तो मीच उचलत आलो. मी सवयीनं उठलो, पानाला हात घातला.

"हा कुणाचा?" बन्सीनं उगाचच विचारलं.

आबा वळले नाहीत. गावाकडे तोंड करून म्हणाले, "ललिताचा."

मी पान धरून तसाच वाकलेलो.

"साहेबा, तू का उठला?" आबा पाठमोरेच म्हणाले. माझ्या चपलांचा आवाज त्यांना ओळखू येतो. "तिचं नाव घेतलंय."

मी जाऊन बसलो. ललिता उठली, आणि आपला वाटा घेऊन आली.